हिरव्या जोडीची ताटातूट

मी केबल बोलतेय. टीव्हीची नव्हे. केबल म्हटलं की लोकांना आधी मालिका आठवतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मी संगणकाला संगणकाशी जोडणारी, राखाडी रंगाची, करंगळीपेक्षा बारीक केबल. तुमच्याही टेबलामागे धुळीत माझी एखादी बहीण पडलेली असेल. पाय अडकला की तुम्ही तिलाच शिव्या देता.

मला स्वस्थ बसून बोलता येत नाही. माझ्या उमेदीची वर्षं मी दोन इमारतींच्या मध्ये हवेत लोंबकळून काढली. बाहेरून वारा आणि आतून लाखो निरोपांची धावपळ. अशीला शांतपणा कुठून येणार? तेव्हा बोलता बोलता मी मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मले तेव्हाच माझ्या पोटात तांब्याच्या आठ तारा होत्या. आठ म्हणजे चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची आणि तिची सोबतीण पांढरी, अंगावर त्याच रंगाची रेघ असलेली. या दोघी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकमेकींना पीळ घालून चालतात. नुसती माया म्हणून नव्हे. बाहेरचा गोंगाट आला तर तो दोघींच्या कानांवर सारखाच पडतो आणि दुसऱ्या टोकाला आपोआप वजा होऊन जातो. शेजारच्या जोडीचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून प्रत्येक जोडीचा पीळही वेगळा, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल.

एकच अट. पीळ घातलेल्या दोघींनी मिळून एकच निरोप न्यायचा. एकीला इकडे जुंपलं आणि दुसरीला तिकडे, की सगळा घोटाळा. हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं रडगाणं त्यातच आहे.

कारखान्यात माझ्या अंगावर मीटरा-मीटरावर आकडा छापला आणि गुंडाळून खोक्यात भरलं. खोक्यावर लिहिलं होतं, 'घरातल्या वापरासाठी'. आमच्या घराण्यात घराबाहेरची कामं करणाऱ्या वेगळ्या असतात. त्यांची कातडी काळी आणि जाड, ऊनपाऊस सोसणारी, आणि सोबत लोखंडी दोर, म्हणजे सगळं वजन दोराने पेलायचं. काहींना चंदेरी वर्खाचं पांघरूण असतं. मोठाल्या यंत्रांच्या शेजारी त्यांना नेमतात. मी आपली उघडी, बिनवर्खाची, घरबशी. पण कुणी कुठे राबावं हे खोक्यावर लिहून ठरत नाही. मला विकत घेतलं गालात्सच्या नेकुलायकाकांनी, आणि नेऊन बांधलं थेट आभाळात.

गालात्स म्हणजे डॅन्यूब नदीच्या काठचं जहाजांचं शहर. नदीवरून जो वारा सुटतो तो कुणाचीही भीड ठेवत नाही. त्या वर्षी, म्हणजे २००४ साली, शहरात एकही खांब, एकही गच्ची मोकळी नव्हती. कुणीतरी इंटरनेटची एक जोडणी घ्यायची आणि खिडकीतून खिडकीत केबल टाकून अख्ख्या इमारतीने ती वापरायची, असा तिथला रिवाज. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, पडवळाच्या मांडवासारख्या आम्ही इकडून तिकडे पसरलेल्या. कुणाची केबल कुठे जाते हे देवालाच ठाऊक.

नेकुलायकाका जहाजं बांधायच्या कारखान्यातून निवृत्त झालेले वीजतंत्री. आखूड मान, जाड बोटं, खिशात कायम कात्री. समोरासमोरच्या दोन इमारतींचं इंटरनेट त्यांच्या गॅलरीतल्या पेटीतून निघायचं. पेटीवर बारीक हिरवे दिवे लुकलुकायचे आणि काका त्यांच्याकडे कोंबड्यांच्या खुराड्याकडे बघावं तसे बघायचे. त्यांच्या खणात माझी एक थोरली चुलतीही पडलेली होती. जाडजूड, काळी, पोटात एकच तार. तिच्या काळी एकाच केबलवर ओळीने सगळी घरं जोडायचे, आणि एकाने टोक सैल सोडलं की सगळ्यांचं बंद पडायचं. मग जिन्यात उभं राहून एकमेकांची आईबहीण काढायची.

"आता तसं नाही," काका सगळ्यांना सांगायचे. "आता प्रत्येकाला स्वतःची केबल. भांडायचं असेल तर दुसरं कारण शोधा."

माझ्यातले ब्याण्णव मीटर कापून त्यांनी समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर नेले. शंभर मीटरपर्यंत मी नीट धावते, पुढे धाप लागते. म्हणजे तशी मी हद्दीच्या आतच होते. माझं ते टोक साफ्तामावशींच्या खिडकीतून आत गेलं.

साफ्तामावशींनी सव्वीस वर्षं सूतगिरणीत काढली होती. नवरा गेलेला. मुलगी लुमिनित्सा त्याच उन्हाळ्यात इटलीत गेली, बेर्गामो शहरात एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची देखभाल करायला. तिची मुलगी इलिंका, वय साडेचार, मागे आजीजवळ राहिली. लुमिनित्साने पहिल्या पगारातून एक जुना संगणक घेऊन मालमोटारवाल्याच्या हाती पाठवला. सोबत डोळ्यासारखा एक छोटा कॅमेरा आणि एक मीटरभर लांबीची पिवळी केबल. ही पिवळी माझ्याच जातीची, पण कारखान्यातूनच दोन्ही टोकांना प्लग लावून आलेली. इथे तिचा काही उपयोग नव्हता, म्हणून मावशींनी ती सुया-दोऱ्यांच्या डब्यात टाकली. तिला त्याचा केवढा अपमान वाटला होता!

आता माझ्या दुखण्याकडे येते.

माझ्या टोकाला पारदर्शक प्लग बसतो. त्यात आठ खाचा. कुठल्या खाचेत कुठली तार जायची याचा क्रम ठरलेला आहे, आणि तो दिसायला अगदी विचित्र आहे. नारिंगी जोडी शेजारी शेजारी, तपकिरीही शेजारी. पण हिरव्या जोडीतल्या दोघींच्या मध्ये निळी जोडी येऊन बसते. म्हणजे वाटभर गळ्यात गळा घालून आलेल्या हिरव्या दारात पोचल्यावर दूर उभ्या राहतात. तरी काम त्यांचं एकच. पलीकडची पेटी तिसऱ्या आणि सहाव्या खाचेतूनच निरोप पाठवते.

नेकुलायकाकांनी तो क्रम कुठेतरी पाहिला होता, आणि त्यांना तो पटला नव्हता. चौतीस वर्षं जहाजांत तारा ओढलेला माणूस. त्याच्या लेखी तांबं ते तांबं. या टोकाला जी तार, ती त्या टोकाला निघाली की संपलं. त्यांनी सगळ्या जोड्या नीट शेजारी शेजारी बसवल्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. घड्या घातलेल्या चादरींसारखं व्यवस्थित. दोन्ही टोकांना तस्संच. मग बॅटरी आणि चिमुकला दिवा लावून आठही तारा तपासल्या. आठही वेळा दिवा लागला.

"हे बघा," ते मावशींना म्हणाले, "जहाजं समुद्रात गेली माझ्या हातची. एकही अंधारात परत आलं नाही."

पण माझ्या पोटात भलतंच झालं होतं. सहाव्या खाचेत आता निळी पांढरी होती की निळी रंगीत, ते सोडा. हिरवी नव्हती एवढं खरं. हिरवीतली एक आणि निळीतली एक, अशा दोन परक्या एका निरोपाला जुंपल्या गेल्या. दोघींचे पीळ वेगळे, दोघी आपापल्या सोबतिणीला बिलगलेल्या. दिव्याला हे दिसत नाही. दिवा फक्त तार तुटली की नाही एवढंच विचारतो. मी आतून ओरडत होते, पण केबलने ओरडायचं म्हणजे काय करायचं?

जवळचं अंतर असतं तर निभावलंही असतं. ब्याण्णव मीटरांत निभावलं नाही. घरातून जाणारे निरोप नारिंगीवरून सुखरूप जायचे. बाहेरून घरात येणारे मात्र गोंगाटात सापडून वाटेत सांडायचे. लिहिलेली पत्रं यायची, कारण सांडलेलं अक्षर पुन्हा मागवता येतं. पण तोंडचा शब्द पुन्हा कोण मागवणार?

रविवारी दुपारी तीनला लुमिनित्साला सुटी मिळायची. ती तिथल्या एका दुकानात जाऊन संगणकासमोर बसायची. इथे मावशी इलिंकाला केस विंचरून, धुतलेला झगा घालून खुर्चीत बसवायच्या. पडद्यावर लुमिनित्साचा चेहरा यायचा तो चौकोनी ठिकऱ्यांचा. अर्धं तोंड एका जागी, डोळा दुसरीकडे. आणि आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवावे तसा.

"इ... का... बा... ळ... खाल्...?"

पहिल्या रविवारी इलिंका हसली. तिसऱ्या रविवारी गप्प बसली. नाताळ झाल्यावर एकदा खुर्चीतून उतरली आणि सरळ टेबलाखाली गेली.

"अगं, आई आलीय! बोल तिच्याशी!" मावशी वाकून म्हणाल्या.

"ही आई नाही," ती टेबलाखालून म्हणाली. "हा डबा आहे. डब्यात कुणीतरी आहे."

हे वाक्य नारिंगी जोडीवरून गेलं. एक अक्षर न सांडता. बेर्गामोच्या दुकानात बसलेल्या बाईने ते लख्ख ऐकलं. मीच नेऊन पोचवलं ते, मला थांबवता आलं नाही.

त्यानंतर सगळ्यांनी सगळ्यांना दोष दिला. मावशींनी वाऱ्याला दिला, काकांनी कबुतरांना दिला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर इटलीच्या हवेला दिला.

"भाऊजी, तुमच्या केबलमध्येच काहीतरी खोट आहे," मावशी एकदा न राहवून म्हणाल्या.

"केबलमध्ये खोट?" काका तांबडेलाल झाले. "दिवा लागतोय की नाही आठही वेळा? वहिनी, मी तुमच्या गिरणीत येऊन कधी सूत कातायला शिकवलं का?"

तीन आठवडे ते मावशींच्या जिन्यात फिरकले नाहीत.

मार्चमध्ये लुमिनित्साचं पत्र आलं. पडद्यावर मावशींनी ते चष्मा लावून, ओठ हलवत वाचलं, आणि मी ते आधीच वाचलेलं होतं. तिने लिहिलं होतं, 'आई, कागदपत्रं होतायत. जूनमध्ये इलिंकाला इकडे आणता येईल. म्हातारीच्या घरात एक खोली मिळाली आहे. पण ती म्हणते मी डबा आहे. मला ओळखत नसेल तर रडत्या पोरीला ओढून आणायची माझ्यात ताकद नाही. ईस्टरला पुन्हा बोलून बघू. तेव्हाही नाही म्हणाली तर राहू दे तिला तुझ्यापाशीच. मी पैसे पाठवत जाईन.'

मावशींनी पत्र पुन्हा वाचलं. मग उठून उगाचच धुतलेली भांडी परत धुतली.

आता तुम्हीच सांगा, मी स्वस्थ कशी राहणार? एका पोरीची आई माझ्या दोन तारांपायी तिला परकी होत चालली होती, आणि हे ठाऊक असलेली जगात एकटी मीच. कुणी मला उंदराने कुरतडावं, विजेने जाळावं, काहीही होऊन माझा तो प्लग एकदा कुणी उघडावा, असं मी रोज मागत होते.

शेवटी मागणं पुरवलं ते गालिच्याने.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गालात्समध्ये घर धुवून काढतात. प्रत्येक खिडकीतून गादी, पडदे, गालिचे बाहेर. अंगणातल्या लोखंडी चौकटीवर गालिचे बडवायचा असा धडाका, की वाटावं लढाई चाललीय. बुधवारी मावशींनी आपला लोकरी गालिचा न्हाणीघरात धुतला. पाणी प्यायलेला तो गालिचा म्हणजे एखादं वासरूच. कसाबसा ओढत खिडकीशी आणला आणि दोरीवर टाकला. दोरी म्हणजे जिच्यावरून मी जात होते ती.

दोरी तुटली. गालिचा माझ्यावर आला. घरबशी मी, माझ्यासोबत लोखंडी दोर कुठला? माझं टोक संगणकातून हिसकून निघालं, प्लग खिडकीच्या चौकटीत अडकून फुटला आणि गालिच्यासकट मी दुसऱ्या मजल्यापर्यंत लोंबले. खाली कुणीतरी किंचाळलं. मला दुखलं, खूप दुखलं, पण खरं सांगते, इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

गुरुवारी नेकुलायकाका आले. यावंच लागलं. त्या दिवशी ईस्टरची अंडी लाल रंगवतात. मावशी चुलीशी उभ्या, पातेल्यात लाल रंग खदखदतोय, हात मनगटापर्यंत लाल.

"केबलवर गालिचा वाळत घालणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती," काका दारातूनच म्हणाले.

"आणि मी आजवर कपड्यांच्या दोरीवर इंटरनेट वाळत घालणारा माणूस पाहिला नव्हता," मावशी म्हणाल्या. "बसा. कॉफी घेता?"

काकांनी माझी कातडी दोन बोटं सोलली. चार जोड्या बाहेर आल्या, पीळ तसेच. आणि मावशी हातातला झारा तसाच धरून वाकल्या. सव्वीस वर्षं सुताला पीळ देणाऱ्या यंत्रासमोर उभी राहिलेली बाई ती. तिची नजर वेगळीच.

"थांबा थांबा. हे पिळलेले असतात?"

"असतात. म्हणून तर सरळ करावे लागतात."

"का असतात?"

काकांनी कात्री मिटली. "असतात. कारखान्याची पद्धत."

"भाऊजी, कारखाना उगाच पीळ देत नाही. पिळाला वेळ लागतो, यंत्र लागतं. ज्या दोन धाग्यांना पीळ दिला ते दोन एकच धागा म्हणून चालायचे, आमच्याकडे हे शिकाऊ पोरीला पहिल्या दिवशी सांगतात."

मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, त्या आत गेल्या आणि सुया-दोऱ्यांच्या डब्यातून पिवळीला घेऊन आल्या. तिच्या पारदर्शक प्लगात रंग स्वच्छ दिसत होते. शेजारी त्यांनी माझा फुटका प्लग धरला.

"हिच्यात हिरव्याच्या मध्ये निळं शिरलंय. तुमच्यात नाही."

"चुकली असेल बिचारी प्लग लावणारी पोरगी. सोमवार असेल."

मावशींनी पिवळीचं दुसरं टोक त्यांच्या नाकासमोर धरलं. "दुसऱ्या बाजूलाही सोमवारच होता?"

काकांनी कॉफीचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "तुमच्या समाधानासाठी करतो. चालणार नाही ते सांगून ठेवतो." आणि नवा प्लग घेऊन पिवळीच्या क्रमाने माझ्या तारा बसवल्या. धरायला दुसरा हात हवा होता म्हणून मावशींनी मला पकडलं. त्यांच्या लाल अंगठ्याचा ठसा माझ्या कातडीवर उमटला, २०५ आकड्याच्या शेजारी.

प्लग संगणकात बसवला. दिवा लागला नाही. आधी तुटक का होईना काही यायचं, आता काहीच नाही.

"झालं?" काका उठले. त्यांच्या आवाजात समाधान होतं, लपवूनही लपत नव्हतं. "गिरणीची पद्धत गिरणीत ठेवा. उद्या गुड फ्रायडे, उद्या मी कात्रीला हात लावत नाही. सणानंतर जुन्या पद्धतीने करून देईन."

"सणानंतर काय उपयोग?" मावशी म्हणाल्या, आणि एकदम खाली बसल्या. "भाऊजी, रविवारी ती नाही बोलली तर लुमिनित्सा तिला नेणार नाही. पोरगी आईविना वाढेल. मी किती वर्षं पुरणार आहे?"

काका दारात थांबले. टेबलाखाली इलिंका बसली होती, लाल रंगाचा एक थेंब बोटाने फरशीवर पसरवत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि गेले.

माझं काय झालं होतं ते ऐका. या टोकाला हिरवी जोडी एक झाली होती, पण त्या टोकाला अजून जुनीच व्यवस्था होती. इकडून निघालेली हिरवी तिकडे भलत्याच दारात पोचत होती. एकच टोक सुधारून भागत नाही. शुक्रवार असा गेला की सांगता सोय नाही. वाराही नव्हता. मी नुसती मुकी लटकत होते, आणि पेटीत माझा दिवा विझलेला.

शनिवारी भर दुपारी नेकुलायकाका गॅलरीत आले. घरातले सगळे चर्चमध्ये गेले आहेत याची त्यांनी आधी खात्री करून घेतली. मग समोरच्या खिडकीकडे चोरून पाहिलं. खिशातून सिगारेटचं रिकामं पाकीट काढलं. त्यावर पेन्सिलीने आठ रेघा आणि प्रत्येकीखाली रंगाचं नाव. गुरुवारी कॉफी पिता पिता त्यांनी पिवळीचा क्रम उतरवून घेतला होता! माझं गॅलरीतलं टोक त्यांनी पेटीतून काढलं, कापलं आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक तार त्या पाकिटाशी लावून बघू लागले. दोनदा निळी चुकली, दोनदा शिवी दिली. मग चिमट्याने प्लग दाबला.

हे पाहणारी मी एकटी. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

माझा दिवा लागला. आणि ब्याण्णव मीटरांतून हिरव्या दोघी, पहिल्यांदा, एकच निरोप घेऊन सोबत धावल्या. काय सांगू तुम्हाला! एवढी धावले मी त्या दुपारी, नुसती रिकामी, कामाशिवाय, इकडून तिकडे.

साफ्तामावशींना दिवा दिसला. त्या खिडकीत आल्या. समोर गॅलरीत काका कबुतरांना दाणे टाकायचं नाटक करत होते.

"लागला हो!" मावशी ओरडल्या.

"वारा पडलाय आज," काका ओरडले. "वारा पडला की लागतो!"

संध्याकाळी मावशी त्यांच्याकडे अख्खा कोझोनाक देऊन आल्या, म्हणजे सणाचा गोड पाव, अक्रोड भरलेला, घरच्यांसाठी केलेला होता तो. वाऱ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

रविवारी तीन वाजता मावशींनी इलिंकाला खुर्चीत बसवलं. ती लगेच टेबलाखाली गेली. या वेळी मुठीत लाल अंडं होतं. मावशींनी आग्रह केला नाही. पडदा उजळला आणि लुमिनित्सा आली. अख्खी आली. दोन डोळे, नाक, रडून सुजलेल्या पापण्या, सगळं जिथल्या तिथे. तिथल्या चर्चचं पंचांग वेगळं, म्हणून इटलीतला ईस्टर महिन्यापूर्वीच होऊन गेला होता. तिने एकटीने म्हातारीच्या स्वयंपाकघरात एक अंडं लाल रंगवून सोबत आणलं होतं.

"ख्रिस्त उठला, इलिंका," ती म्हणाली.

टेबलाखाली शांतता. ईस्टरच्या या वाक्याला 'खरंच उठला' हे ठरलेलं उत्तर तिथल्या शेंबड्या पोरालाही येतं. इलिंकालाही येत होतं.

"ख्रिस्त उठला, बाळा."

मावशींनी डोक्यावरच्या रुमालाचा बोळा करून तोंडावर धरला. लुमिनित्साने मान खाली घातली. मग, का कोण जाणे, तिने अंडं उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि नखाने त्यावर टकटक केलं.

तो आवाज मी नेला. कोरडा, टणक, लाकडाचा.

टेबलाखालची हालचाल थांबली. दर ईस्टरला अंड्यावर अंडं आपटायचा खेळ असतो. ज्याचं फुटेल तो हरला. आणि लुमिनित्सा दर वर्षी रंगवलेलं लाकडी अंडं घेऊन लेकीला हरवायची, आणि पकडली गेली की नाक फुरफुरवत हसायची.

"आजी," टेबलाखालून आवाज आला, "तिचं अंडं लाकडी आहे."

लुमिनित्साने ते ऐकलं. आणि ती हसली. तसंच, फुरफुरत, मध्येच हुंदका येऊन अडकणारं. तुटक पोचलं असतं तर ते हसू राहिलं नसतं, नुसते खडे राहिले असते. मी आणि माझ्या हिरव्या दोघींनी ते जसंच्या तसं आणलं, एक फुरफुरही सांडू दिली नाही.

इलिंका टेबलाखालून आली. खुर्चीवर चढली. पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"लबाड!" ती म्हणाली. "आई, तू लबाड आहेस! खरंच उठला!" आणि हातातलं अंडं तिने पडद्यावर आपटलं. टक्. अंडं फुटलं, टरफलं कळफलकात गेली.

"हरलीस," लुमिनित्सा रडत म्हणाली.

जूनमध्ये इलिंका इटलीला गेली. बसमध्ये चढताना रडली, पण आजीसाठी. मग रविवारी तीन वाजता खुर्चीत मावशी बसू लागल्या.

माझं पुढचं आयुष्य आठ वर्षांचं. उन्हाने माझी कातडी तडकली, एका हिवाळ्यात बर्फाने मी दीड हात लांबले. मग काचेच्या केसाएवढ्या तारा आल्या. त्यांच्यात वीज नाही, तांबं नाही, नुसता उजेड धावतो, शंभर मीटर काय, शंभर कोस. मला त्यांचा राग नाही. जमिनीखालून जातात, वाराही लागत नाही, म्हणून थोडा हेवा वाटतो एवढंच. नगरपालिकेने आभाळातल्या सगळ्या केबली उतरवायचा हुकूम काढला. शिडीची गाडी आली आणि एका सकाळी आम्ही सगळ्या कापून जमिनीवर पडलो. बहुतेक कचऱ्यात गेल्या. मला नेकुलायकाकांनी गोळा केलं. त्यांनी इमारतीच्या दाराशी द्राक्षाचा वेल लावला होता, तो मला घेऊन बांधला.

तिथेच आहे मी. काकांना जाऊन चार वर्षं झाली. वेल दुसऱ्या मजल्यावर गेला आहे. माझ्यातून आता काहीच जात नाही, आणि हे रिकामपण त्या धावपळीपेक्षा जड आहे. वाऱ्याने पान हललं तरी मला वाटतं, आला कुणाचा तरी निरोप. रविवारी तीनला हमखास वाटतं.

तुमच्याकडे मागणं मोठं नाही. आम्हाला मानेला धरून हिसकू नका, प्लगाजवळची चिमटी दाबून काढा. कुठे घरबशी लावायची आणि कुठे काळी, हे एकदा खोक्यावर वाचा. आणि प्लग लावायची वेळ आलीच, तर नुसतं नीटनेटकं दिसतंय म्हणून हिरव्यांची ताटातूट करू नका. दारात त्या दूर उभ्या दिसतात, तेवढ्यावरून त्यांना परक्या समजू नका.

गेल्या ईस्टरला इलिंका आली होती. पंचवीस वर्षांची, उंच, आईसारखीच नाक फुरफुरवत हसणारी. मावशी बाकावर उन्हात बसल्या होत्या. इलिंका वेलाची वाळलेली काटकी मोडत होती, तेव्हा माझं टोक तिच्या हाताला लागलं. प्लग अजून तसाच आहे.

"आजी, हे काय? आणि हा लाल डाग कसला?"

"माझा अंगठा. तुझ्या आईचं हसू यातून यायचं."

"लावलं कुणी?"

"नेकुलायभाऊजींनी. मरेपर्यंत म्हणायचे, वारा पडला म्हणून चाललं."

इलिंकाने प्लग उन्हात धरला. तीन नंबरला हिरवी, सहा नंबरला हिरवी, मध्ये निळ्या दोघी. मग तिने हातातलं लाल अंडं हळूच माझ्या प्लगावर टेकवून वाजवलं.

"ख्रिस्त उठला," ती मला म्हणाली.

माझ्या आठही तारा शहारल्या. पण उत्तर द्यायचं तर केबलला दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं, आणि माझं दुसरं टोक कधीच कापलं गेलं आहे. मी नुसती तिच्या हातात पडून राहिले.

बाकावरून साफ्तामावशी म्हणाल्या, "खरंच उठला."